पत्ता माझ्याच कम्प्युटरचा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही, आणि जिच्याजवळ सगळं बोलते त्या मैत्रिणीलाही नाही. आज सांगायला घेतलंय तर मध्ये थांबायचं नाही — एवढं ठरवूनच बसले आहे.

अंबाजोगाईत एका शिक्षणसंस्थेच्या ऑफिसात मी कम्प्युटरवर काम करायचे. इंटरनेट नुकतंच गावात आलं होतं. फोनच्या तारेवर मॉडेम करकरायचा. लाइन लागली तर लागली, नाही तर बसा. संस्थेचे सचिव, ज्यांना सगळे दादासाहेब म्हणत, पुण्यात एका कॉलेजची वेबसाइट बघून आले आणि यंदा आपल्या नर्सिंगच्या प्रवेशाचा फॉर्मही तसाच पाहिजे म्हणाले. पोरींनी परळीत बसून भरावा, बीडात बसून भरावा, आपल्याला इथं दिसावा.

ऑफिसात आम्ही दोघीच. मी जुनी. दुसरी मंगल — परळीची, वडिलांचं किराणा दुकान. रोज एसटीनं यायची आणि आत येण्याआधी दारात उभी राहून ओढणीवरची तिथल्या थर्मल वीजकेंद्राची राख झटकायची. घरी तिच्या लग्नाची बोलणी चालली होती. तिनं वडिलांकडून एक वर्ष मागून घेतलं होतं. नोकरी टिकली तर लग्नाचं पुढं बघू, असं ठरलं होतं. हे तिनं मला डबा खाताना सांगितलं होतं. म्हणजे मला माहीत होतं. हे आधीच सांगून टाकते, नाही तर पुढं मी 'मला माहीत नव्हतं' याच्याआड लपेन.

काम वाटून घेतलं. फॉर्म आणि त्याच्यामागचा डेटाबेस मी बनवला. तयार फायली इंटरनेटवर चढवायच्या, हे मंगलकडं. लाइन तुटली की पुन्हा पहिल्यापासून. दोन दिवस ती तेच करत बसली, वहीत एकेका फायलीपुढं खूण करत.

माझ्या कम्प्युटरवर फॉर्म अगदी सुरेख उघडला. मी दादासाहेबांना बोलावून दाखवला. ते खूश झाले. पेपरात जाहिरात गेली.

मग फोन यायला लागले. पान उघडतं, वर संस्थेचं नाव दिसतं, खाली नुसती पांढरी चौकट. फॉर्मच नाही. दोन-तीन दिवसांनी परळीहून एक बाप आपल्या मुलीला घेऊन थेट ऑफिसात आला. "आमी दोन तास बसलो त्या इंटरनेटच्या दुकानात. कावून दिसत न्हाई ते तरी सांगा," म्हणाला. आवाज चढवला नव्हता त्यानं. मुलगी जमिनीकडं बघत उभी होती.

दादासाहेबांनी आम्हा दोघींना वर बोलावलं.

आता इथं मला नीट सांगितलं पाहिजे. चूक नेमकी कुठं आहे, हे मी तेव्हा तपासलं नव्हतं — हे खरं. पण फॉर्म माझ्या एकटीच्या कम्प्युटरवर दिसतो आणि दुसरीकडं कुठंच दिसत नाही, याचा अर्थ कळायला कितीसा वेळ लागतो? जिना चढतानाच मी वर काय सांगायचं ते मनात जुळवत होते. न कळता कशाला जुळवेन?

"कुणाची चूक हाय ही?" दादासाहेबांनी विचारलं.

मी म्हणाले, "फॉर्म तर बरोबर आहे, साहेब. तुम्ही स्वतः बघितलात. चढवताना काही राहिलं असेल."

मंगलचं नाव मी घेतलं नाही. या एका गोष्टीच्या आधारावर मी किती वर्षं काढली — नाव घेतलं नाही, नाव घेतलं नाही. पण चढवणारी दुसरी होती कोण?

"साहेब, मी दोनदा मोजल्यात फायली," मंगल म्हणाली आणि वही पुढं केली. त्यांनी ती उघडलीही नाही. मग तिनं माझ्याकडं बघितलं. मी टेबलावरच्या पेपरवेटकडं बघत राहिले.

"उद्यापासून येऊ नको, पोरी."

खाली येऊन तिनं डबा पिशवीत घातला. रडली नाही. दारात थांबून एवढंच म्हणाली, "ताई, माझं काय चुकलं ते कळलं तर सांगताल का?"

मी म्हणाले, "बघते."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बघितलं. फॉर्मनं माहिती कुठून उचलायची, तो पत्ता मी माझ्याच कम्प्युटरमधल्या फोल्डरचा दिला होता. माझ्याकडं तो सापडायचा, म्हणून फॉर्म दिसायचा. बाहेरच्या माणसाला तो पत्ता सापडणार कसा? मी डेटाबेस वेबसाइटवर हलवला, ती एक ओळ बदलली, तेवढी एकच फाइल पुन्हा चढवली आणि परळीच्या त्या इंटरनेट कॅफेत फोन लावला. "दिसायलाय," तिकडून आलं. सगळं मिळून अर्धा तास. त्या अर्ध्या तासानंतरही मी वर जाऊन खरं बोलू शकले असते. मंगलला परत बोलावता आलं असतं. दादासाहेबांनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली आणि मी ती थोपटून घेतली.

तिचं लग्न त्याच उन्हाळ्यात झालं.

आणि मी इथंच थांबले असते तरी — पण नाही थांबले. पुढं मी कम्प्युटरचे वर्ग घेऊ लागले. प्रत्येक बॅचला ही चूक शिकवायचे. 'आमच्या ऑफिसात एक मुलगी होती, तिनं असा पत्ता दिला होता.' पोरं हसायची. मीही हसायचे. किती बॅचेस झाल्या असतील?

बऱ्याच वर्षांनी मांजरसुंब्याला बस चहाला थांबली, तेव्हा ती भेटली. सोबत नवरा, दोन मुलं. तिनंच मला ओळखलं. खुशाली झाली आणि मग तिनं सहज विचारलं, "ताई, कळलं व्हतं का पुढं, माझं काय चुकलं व्हतं?"

मी म्हणाले, "जुनी गोष्ट ती. कशाला आता?"

"तसं न्हाई," ती म्हणाली. "मी परत हातच न्हाई लावला कम्प्युटरला. लई भ्या वाटतं. वाटतं, आपल्या हातून कायतरी राहणार."

एका वाक्याचं काम होतं. ते वाक्य तोंडात होतं. ड्रायव्हर अजून चहाच पीत होता, तरी मी म्हणाले, "चल, बस सुटेल," आणि जाऊन सीटवर बसले.

परवा परळीला जाऊन तिच्या भावाकडून मी तिच्या सासरचा पत्ता आणला. ती परभणीला असते. उद्या सकाळच्या गाडीनं मी निघणार आहे. तिच्यासमोर गेल्यावर पुन्हा शब्द गिळू नयेत, म्हणून आधी हे तुम्हाला सांगितलं. तिला सांगणार आहे — तुझ्या सगळ्या फायली बरोबर चढल्या होत्या, चूक माझी होती, आणि ती मला दुसऱ्याच दिवशी कळली होती. ती काय म्हणेल ते ऐकून घेईन. काही म्हणाली नाही, तर तसंच परत येईन.

सोमवारी नवी बॅच सुरू होते. हा धडा या वेळी माझ्या नावानं शिकवायचा आहे.