हौदातला विरोळा

आई गेली आणि वडिलांनी बोलणं जवळजवळ सोडूनच दिलं. माझ्या बायकोनं जेवायला हाक मारली की यायचे, मान खाली घालून जेवायचे आणि उठायचे. आम्हा बापलेकांत पहिल्यापासून आईच मध्ये असायची. त्यांच्या मनातलं मला आणि माझ्या मनातलं त्यांना तिच्याकडूनच कळायचं. ती गेल्यावर आम्ही एका घरात राहणारे दोन पाहुणे झालो.

त्या उन्हाळ्यात आमचं शेततळं आटलं. तळाला अंथरलेल्या प्लास्टिकच्या कागदावर उरलेल्या गाळात एक विरोळा वळवळत होता. पाण्यातला साप, बिनविषारी. पण चिडला की असा अंगावर येतो की माणूस आधी फावडं उचलतो. मीही उचललं.

“ठिव ते खाली,” वडील म्हणाले. कित्येक दिवसांत त्यांच्या तोंडून निघालेलं ते पहिलं वाक्य.

त्यांनी त्याला बादलीत घालून घरी आणलं आणि गोठ्याजवळच्या सिमेंटच्या हौदात सोडलं. जनावरं आम्ही आधीच घोडेगावच्या बाजारात विकली होती, हौद रिकामाच पडला होता. वडील त्यात पाणी भरायचे, कुठून कुठून बेडक्या धरून आणायचे आणि काठावर बसून त्याच्याशी बोलायचे. “आज लई उकडतंय बग. ती असती तर आंबील केली असती.” लग्नानंतर वर्षभर आई विहिरीवर एकटी जायला घाबरायची, हे मला गोठ्याच्या भिंतीआड उभं राहून कळलं. एका सापाचा मला हेवा वाटला, अगदी खरं सांगतो.

गावातल्या सर्पमित्रानं मला हटकलं. साप पाळणं गुन्हा आहे, पाणी आलं की सोडून द्या, म्हणाला. पाऊस झाला, तळं भरलं. वडील म्हणाले, “अजून दोन दिस ऱ्हाऊ दे.” मीही जोर धरला नाही. साप गेला तर त्यांचा आवाजही जाईल, याची मला धास्ती होती. उलट घार घिरट्या घालते म्हणून डाळिंबाच्या बागेवरची नायलॉनची जाळी आणून मी हौदावर ताणून बांधली. आपण मोठं शहाणपणाचं काम केलं असंच वाटलं मला.

नागपंचमीच्या सकाळी विरोळा त्या जाळीत अडकलेला सापडला. बाहेर पडायच्या धडपडीत दोरा त्याच्या मानेत रुतला होता. मी बोटांनी दोरा सोडवू लागलो, तसा तो आणखी आवळत गेला. घरात त्या दिवशी काही चिरायचं, कापायचं नाही, ही आईची शिस्त. विळी, कात्री, सगळं आदल्या दिवशीच फडक्यात बांधून ठेवायची. ती गेल्यावर माझी बायकोही तेच करते. शिकलासवरलेला मी, तरी कात्रीकडे माझे पाय वळेनात.

“कात्री आन,” वडील म्हणाले.

“दादा, आज पंचमी आहे. आईनं...”

“तुजी आई असती तर तिनंच पळत आणली असती. जा!”

मी पळत जाऊन आणली. वडिलांनी एकेक दोरा कापला. विरोळ्यानं त्यांच्या मनगटाला कडकडून चावा घेतला. त्यांनी हात मागे घेतला नाही.

मग त्याला बादलीत घेऊन आम्ही तळ्यावर गेलो. वडिलांनी बादली आडवी केली. तो क्षणभर तिथंच राहिला आणि पाण्यात गेला. वडील बांधावर बसले. मनगटावरचं रक्त त्यांनी धोतराला पुसलं. मी उभाच होतो, घरी निघायची वाट बघत.

“बस की,” ते पाण्याकडे बघत म्हणाले. “आता मला तूच हायेस.”

मी त्यांच्या शेजारी बसलो. काहीतरी बोलायचं म्हणून तोंड उघडलं, आणि मला रडू कोसळलं.