तिसरी उकळी

बोंडल्यातल्या दुधाचा एक थेंब मनगटावर पाडायचा, डोळे मिटायचे आणि म्हणायचं, "थांबा. अजून निवलं न्हाय." लेकरू रडून काळंनिळं होवो, बाई हलायची नाही. अशी एखादी हट्टी बाई तुमच्याही गल्लीत असेल. आमच्या गल्लीच्या टोकाला राहायची ती चार बकऱ्या पाळणारी विधवा होती. सगळं गाव तिला मावशी म्हणायचं.

निजामाचं राज्य होतं. आमचं गाव नळदुर्गापासून दोन कोसांवर. माझी थोरली जन्मली आणि मला असा ताप भरला की दहा दिवसांत अंगावरचं दूध आटलं. गाईचं दूध दिलं की पोरीला जुलाब. ती सुकत चालली, तशा सासूबाईंनी हात टेकले. "पोरगीच हाय. देवानं दिली, देव नेईल," म्हणाल्या.

मावशी दारात उभी होती. "देवाला दुसरं काम न्हाय व्हय?" म्हणाली आणि तडक चुलीपाशी आली. आमच्या स्वयंपाकघराचा उंबरा तिनं तोवर कधी ओलांडला नव्हता, आम्ही ओलांडू दिला नव्हता. सासूबाई चुलीपासून बाजूला सरकल्या.

तिचं दूध करणं बघत राहावं असं होतं. बांडी नावाच्या बकरीचं ताजं दूध एक बोंडलं, आधीच उकळून ठेवलेलं पाणी एक बोंडलं, वावडिंगाचे चार दाणे, खडीसाखरेचा बारका खडा. तीनदा वर येऊ द्यायचं, तीनदा फुंकून खाली बसवायचं. "पहिली उकळी भांड्याची, दुसरी दुधाची, तिसरी लेकराची," असं तिचं शास्त्र. मग धुवट धोतराच्या फडक्यातून गाळायचं. मी घाई केली की हातावर चापट बसे. महिन्याभरात पोरीच्या रडण्यात जोर आला. ते ऐकून मीच हुंदके देऊन रडले.

त्याच सुमारास लेव्हीचं, म्हणजे सरकारनं सक्तीनं घ्यायचं धान्य बघायला तालुक्याचा अंमलदार आला. आमराईत तंबू पडले. साहेबाच्या जेवणासाठी पाटलाच्या माणसानं घरोघर फिरून कोंबड्या, तूप गोळा केलं. मावशी पाला आणायला गेली होती, तेवढ्यात तो बांडीला सोडून घेऊन गेला.

परत आल्यावर ती ओरडली नाही की रडली नाही. आमच्या घरी आली, पोरीला झोळीत घातलं, पातेलं, फडकं, बोंडलं घेतलं आणि आमराईची वाट धरली. मी भिंती धरत धरत मागे. घरी कसली बसते मी!

बांडी तंबूमागे बांधलेली होती. मावशीनं तिथंच तीन दगड मांडले, साहेबाच्या खानसाम्याकडून विस्तव मागून घेतला, बकरी पिळली आणि पातेलं चढवलं. चपराशी धावून आला, ऊठ म्हणाला, दटावलं, काठी आपटली.

"तिसरी आल्याबिगर उठायची न्हाय," ती म्हणाली आणि फुंकर घालत राहिली.

गलका ऐकून साहेब बाहेर आला. मी पदर ओढून झाडाआड झाले. मावशी बसल्या जागची उठली नाही.

"सायेब, बकरी कापायची तर कापा. पर आधी ह्या पोरीला मांडीवर घ्या आन् सांगा, सांच्याला हिला काय पाजू?"

दुसऱ्या बकरीचं पाज, असं तो म्हणाला असावा. मावशीनं त्याला दूध बदललं की पोरीला होणाऱ्या जुलाबांचा असा तपशील ऐकवला की साहेब तोंड फिरवून आत गेला.

मावशी गेली नाही. पाजून झालं की बांडीला पाठ लावून बसायची. वेळ झाली की पुन्हा दगड, पुन्हा पातेलं, पुन्हा तीन उकळ्या. खानसामा सुरी घेऊन दोनदा आला आणि दोनदा माघारी गेला. तिसऱ्यांदा आला तो जळण घेऊन. दिवस कलता कलता चपराशानंच दावं सोडून तिच्या हातात दिलं. साहेबानं त्या दिवशी डाळभात खाल्ला म्हणे.

मी तिचे पाय धरायला वाकले तर वैतागली. "माझीच बकरी म्या आनली. त्यात काय नवल?" पाटलानं पुढं वर्षभर तिला गावच्या गायरानात बकऱ्या चारू दिल्या नाहीत. ती रोज कोसभर लांब जाई, आणि जाताना पाटलाच्या दारावरूनच जाई.

पोरगी सहा वर्षांची झाली त्या साली मावशी गेली. तिचा पुतण्या बकऱ्या न्यायला आला. बांडी तोवर पार आटलेली, दात पडलेली. तिला खाटकाला देतो म्हणाला. माझी लेक गेली आणि बांडीला पाठ लावून बसली. पुतण्यानं समजावलं, दरडावलं. ती हलेना.

तिला आमराईतली गोष्ट आम्ही कुणी सांगितलेली नव्हती.

पुतण्या बाकीच्या बकऱ्या घेऊन गेला. मी लेकीला उचलायला निघाले, तर सासूबाई आडव्या आल्या. त्यांच्या हातात बाभळीचा पाला होता. "बसू दे तिला," म्हणाल्या, आणि पाला बांडीपुढं टाकून स्वतःही तिथंच खाली बसल्या.