गोवर्धन सुताराची पायगाडी

भातकुलीच्या गोवर्धन सुताराचा डावा पाय लहानपणीच्या तापात चार बोटं आखूड राहिला होता. लग्न ठरवताना ही गोष्ट पार्बताबाईच्या बापाला कुणी सांगितली नाही. तिला ती अंतरपाटाखालून दिसली. पुढच्या वीस वर्षांत त्या पायाबद्दल तिने कधी तक्रार केली नाही. तक्रार होती ती हत्यारांच्या पिशवीची.

आसपासच्या पाच गावांतल्या बैलबंड्या-वखरांचं काम आजोबापासून याच घरात होतं. पूर्वी कुणाच्याही बंडीत बसून गोवर्धन गावोगाव जाई. पण विलायतेहून कापसाला मागणी आली आणि वऱ्हाडातल्या बैलांना उसंत उरली नाही. अठराशे एकोणसत्तर साल उजाडलं तरी तीच घाई. दिसेल ती बंडी कापसाने शिगोशीग भरून अमरावतीकडे निघालेली. तिच्यावर सुताराला जागा कुठली? मग गोवर्धन काठी टेकत पुढे आणि वाकस, करवत, पटाशीची पिशवी डोक्यावर घेऊन पार्बताबाई मागे. दीड कोस जायला दुपार व्हायची.

दिवाळीनंतर खुशालराव पाटलांनी तोंडावरच सांगितलं, "तुह्या बापानं माह्या बापाच्या बंड्या केल्या, मले ठाऊक हाय. पण तू येईस्तोवर माहा कापूस वाटेतच राह्यते. आता एक डाव उशीर झाला, तं मी अमरावतीचा सुतार लावतो."

पाटील गेले की उरलेली गावंही जाणार, हे दोघांनाही कळत होतं.

त्याच पंधरवड्यात अमरावतीच्या एका साहेबाची दोन चाकांची लाकडी गाडी दुरुस्तीला आली. बैल नाही, पुढच्या चाकाला पाय मारायच्या दोन खुंट्या. गोवर्धनने ती नीट करून परत दिली, पण आधी तिचं अंग न् अंग सुतळीने मोजून ठेवलं. मग चाकाच्या मधोमध बाभळीचा तुंबा, त्यात तिवसाचे आरे, कडेने लोखंडी धाव, असं करत त्याने तशीच गाडी घडवली. डाव्या खुंटीवर चार बोटं जाड ठोकळा ठोकला.

"आता दोनी पाय बराबर," तो म्हणाला.

खळ्यावर शिकताना तो चार दिवस पडत राहिला आणि पाचव्या दिवशी गाडीवरून फिरला.

"काहो पार्बताबाई," शेजारची दुर्गाबाई ओरडली, "धन्याले दाव्यानं बांधून काहून नाही ठेवत?"

"बांधाले तो तुह्या घरचा गोऱ्हा हाय का वं?"

वंगणापायी घरातलं एरंडेल संपलं. गिट्टीच्या सडकेवर गाडी धडधडत छान चालली. पण मार्गशीर्षात अवकाळी पाऊस झाला आणि शेतांमधल्या पांदणीत शिरताच काळी माती चाकाला अशी लिंपली, की चाक फिरेचना. गोवर्धन गाडी खांद्यावर घेऊन लंगडत घरी आला.

पार्बताबाई चुलीजवळचं उलथणं घेऊन चिखल खरवडायला बसली.

"अजी, बंडीचं चाक दोन्हीकडून मोकळं असते. तुमी याले दोन लाकडांत चिमटून धरलं. मातीनं जावं कुठं?"

गोवर्धन उलथण्याकडे पाहत राहिला. मग वाकस घेऊन उठला.

चार दिवसांनी सकाळीच पाटलांचा गडी धापा टाकत आला. भरल्या बंडीचा आरा पांदणीत मोडला होता आणि आभाळ पुन्हा भरून आलं होतं. गोवर्धनने पिशवी पाठीशी बांधली आणि गाडी बाहेर काढली. चाकाच्या दोन्ही बाजूंना आता मूठ जाईल एवढी जागा होती. धाव रुंद झाली होती. आणि चाकाला जेमतेम न लागेल असं, वरच्या लाकडाला दोन खिळ्यांनी ठोकलेलं, पार्बताबाईचं उलथणं होतं. दोन दिवस ती ते शोधत होती.

ती बोलायच्या आत तो टांग टाकून निघाला. चाक वर येई तशी मातीची ढेकळं उलथण्याला लागून टपाटप गळत होती.

शिदोरी घेऊन ती पांदणीत पोचली तेव्हा नवा आरा बसला होता आणि बंडी सडकेला लागत होती. खुशालराव त्या गाडीभोवती दोनदा फिरले.

"पार्बताबाई, हे उलथणं कायले लावलं?"

"भाकऱ्या उलटाले."

पाटील हसले. "गोवर्धन, परवा ये. दोन वखरं पडून हायेत. अन् चालत येऊ नको, याच्यावरच ये. माह्या लेकराइले पाहाची हाय."

गोवर्धन भाकर मोडून खायला बसला. एका बाजूने ती करपली होती.

"लोहाराकडून तुले नवं उलथणं करून आणतो," तो हळूच म्हणाला.

"नवं त्या गाडीले लावा," पार्बताबाई म्हणाली. "माहं मले पायजे. माह्या हाताले बसलं हाय ते."

परत निघताना हत्यारांची पिशवी त्याच्याच पाठीवर होती. पार्बताबाईच्या डोक्यावर काही नव्हतं. वाटेत तिने बांधावरची अंबाडीची भाजी ओटीभर खुडून घेतली.