मुलाच्या नोकरीचं औषध

सुरतेला प्लेग आला त्या भाद्रपदात मी घरात आरोग्यखातं उघडलं होतं. मंत्री मी, शिपाई मी, आणि शिवणयंत्रही माझंच. जुन्या मलमलीच्या चौपदरी पट्ट्या शिवून मी सगळ्यांच्या तोंडांना बांधल्या आणि नियम सांगितले: बोलताना पट्टी हनुवटीवर ओढायची नाही, दुसऱ्याची बांधायची नाही, रोज उकळायची. शेजारच्या गुजराती बेन मला बघून, जैन साध्वीच दिसल्यासारख्या म्हणाल्या, "केम बेन, दीक्षा लीधी के शुं?" मला राग आला. आता तेव्हाची मी मला भेटली, तर मीच तिला सांगेन, घेच बाई दीक्षा, मौनाची.

आम्ही बडोद्याला यांच्या कारखान्याच्या क्वार्टरमध्ये राहत होतो. त्याच आठवड्यात माझी आई आली. ती सुरतेला माझ्या भावाकडे असायची. गाव रिकामं व्हायला लागलं, तसा भाऊ बायकोमुलांना घेऊन सासुरवाडीला गेला आणि आईला त्यानं बडोद्याच्या गाडीत बसवून दिलं. सासुरवाडीला आईला कसं न्यायचं, असं त्याचं म्हणणं. रिक्षातून उतरली तीच खोकत. तो तिचा दरवर्षीचा भाद्रपदातला खोकला, मी लहानपणापासून ऐकलेला. पण त्या दिवसांत सुरतेहून आलेला कुठलाच खोकला जुना नव्हता.

सासूबाई दारातच उभ्या राहिल्या. "विहीणबाई, गैरसमज नको. परवा आमच्याकडे श्राद्ध आहे, गुरुजी यायचे आहेत. थोडे दिवस गॅलरीत राहिलात तर बरं. वाराही छान असतो तिथे."

मी तोंड उघडलं. त्या म्हणाल्या, "बाहेरून आलेल्याला वेगळं ठेवायचं, हे तूच सांगितलंस ना?" यांनी पेपर जरा वर धरला.

गॅलरीत खाट पडली. मी शिवलेली पट्टी बांधून घेताना आई म्हणाली, "माझ्या लहानपणी प्लेग आला तेव्हा आम्ही शेतात झोपड्या घालून राहिलो होतो. सुई टोचली होती, हात हा एवढा सुजला. पण तेव्हा सगळं घर बाहेर काढायचे ग. एकटीला नाही."

कारखान्याच्या दवाखान्यात प्लेग होऊ नये म्हणून कॅप्सूल देत होते. आम्हाला रोज तिथे जाऊन कंपाउंडरसमोर गिळावी लागे. सासूबाईंचे गुडघे दुखायचे, म्हणून त्यांच्या कॅप्सूल घरी आल्या. आईसाठी मी डॉक्टरांकडे गेले.

"साहेबांची बा कुटुंबात येते," डॉक्टर म्हणाले. "तमारी बा न आवे, बेन. ती तुमच्या भाईच्या कुटुंबात."

मी भाषण केलं. प्लेगचा जंतू अंगात शिरण्यापूर्वी ही मुलाची आई की मुलीची, असं विचारतो का, वगैरे. मला वाटायचं, नीट समजावून सांगितलं की नियम लाजतो. डॉक्टरांनी सगळं ऐकलं आणि नाही म्हणायला पट्टी हनुवटीवर ओढली. मी त्यांना ती वर घ्यायला सांगितली. त्यांनी घेतली. माझा विजय झाला तो एवढाच.

बाजारात त्या कॅप्सूल औषधाला मिळेनात. सयाजीगंजातल्या दुकानांतून नुसत्या माना हलत होत्या. घरी सासूबाईंच्या कॅप्सूल मात्र देवघरातल्या डबीत तशाच पडून होत्या. "पितृपक्षात असलं मी गिळणार नाही. त्या कवचात काय असतं कुणाला ठाऊक."

आजची मी असते तर डबी परस्पर रिकामी केली असती आणि आळ उंदरावर घेतला असता. तेव्हाची मी तत्त्वाची. परवानगी मागायला गेले.

"तुम्ही घेत नाही, तर माझ्या आईला देऊ का?"

"माझ्या मुलाच्या नोकरीचं औषध आहे ते," सासूबाई म्हणाल्या. "त्यांच्या मुलाला विचारावं त्यांनी."

गॅलरीचं दार उघडंच होतं. त्यानंतर आई खोकला आला की उशीत तोंड खुपसायची.

श्राद्धाला गुरुजी नाकातोंडाला रुमाल बांधून आले. मंत्रांतलं पितरांना किती कळलं, ते पितर जाणोत. जेवताना त्यांनी रुमाल सोडला आणि मी वाढत असताना माझ्या हातावर मनसोक्त शिंकले. त्यांना कुणी गॅलरी दाखवली नाही. आईचं पान सासूबाईंनी उंबऱ्यापलीकडे ठेवलं आणि पायरीवरच्या मांजराला सरकवावं तसं बोटांनी पुढे सरकवलं.

साथ ओसरली. आईला काही झालं नव्हतं, कुणालाच काही झालं नाही. सासूबाई अगदी गोड आवाजात म्हणाल्या, "आता या हो आत, विहीणबाई."

आई आत आली ती पिशवी भरायला. सुभानपुऱ्यात तिची एक शाळासोबतीण एकटी राहायची, तिच्याकडची मागची खोली तिनं निरोप धाडून ठरवली होती. वडिलांच्या पेन्शनवर भागेल म्हणाली.

"अगं आई, साथ संपली आता," मी म्हणाले.

"साथ संपली. मी कुणाच्या कुटुंबात, ते कुठे ठरलंय अजून?"

मी, शहाणी, रिक्षापर्यंत तिच्या मागे गेले. म्हटलं, मी वरपर्यंत लिहीन, नियम बदलायला लावीन.

"बदलला की कळव," आई म्हणाली.

ती त्या खोलीतच राहिली. सणावारी यायची, जेवायची, दिवेलागणीआधी निघायची. शेवटचं आजारपण आलं तेव्हा दोघांपैकी कुणा एकाला आधी कळवायचं नाही, असं तिनं मैत्रिणीला बजावून ठेवलं होतं, म्हणून मला आणि भावाला एकाच वेळी कळलं, दोघांनाही सारखंच उशिरा.