मारुतीरावांचा चुकलेला आकडा

वडगावात मारुतीरावांएवढा हट्टी विणकर दुसरा नसेल. मी त्यांचा शेजारी, तेव्हा हे माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नाही. घरात दोन पॉवरलूम आणि डोक्यात घोडे. घोडागाडीची शर्यत कुठेही असो, हे स्टॉपवॉच घेऊन हजर. त्यांच्या वहीत भागातल्या प्रत्येक घोड्याचा आकडा आहे.

आकडा म्हणजे नुसती वेळ नव्हे, हे त्यांनी मला शंभरदा सांगून माझा जीव खाल्ला आहे. समजा, आज सगळेच नेहमीचे घोडे आपल्या रोजच्या वेळेपेक्षा दहा सेकंद उशिरा आले. मग घोडे बिघडले नाहीत, रस्ता जड होता. ते दहा सेकंद प्रत्येकाला परत द्यायचे. अंतर कमीजास्त असेल तर तेही जुळवून घ्यायचं. मग एक सेकंद वाचला की एक गुण वर. म्हणजे सदलग्याच्या कोरड्या रस्त्यावरचा घोडा आणि बेळगुंदीच्या चिखलातला घोडा एका मापाने मोजता येतो.

या मापाने त्यांच्या मावसबहिणीची, बेळगुंदीच्या अक्काताईंची रंभा घोडी कायम ब्याऐंशीवर अडकलेली. बाकीचे नव्वदपर्यंत. अक्काताईंनी तिला शिंगरू असल्यापासून वाढवलेली, पण मारुतीरावांचा आकडा म्हणजे त्यांना वेदवाक्य. शेवटी घोडी विकायची ठरली. सोमवारी गिऱ्हाईक येणार, रविवारी बेळगुंदीत शेवटची शर्यत.

मारुतीराव नेहमी शेवटच्या रेषेवर उभे राहतात. त्या दिवशी तिथं पाय ठेवायला जागा नव्हती. मला म्हणाले, "स्कूटर काढ रं, मागनं जाऊ." झालं, रंभाच्या गाडीमागे मी स्कूटर पळवतोय आणि मागे बसून हे घड्याळ बघतायत!

घोडी काय पळत होती! आणि मारुतीचं देऊळ आलं. गाडीवान भरमूनं लगाम ओढला, हात कपाळाला लावला, मग पुन्हा गाडी सोडली. पुढे दर्गा आला, तिथंही तेच. मग म्हसोबा. येताना पुन्हा तिघांना नमस्कार. घोडी पाचवी आली.

"नमस्कारात नऊ सेकंद गेलं!" मारुतीराव माझ्या कानात ओरडले. "ब्याऐंशी न्हाय, एक्क्याण्णव! सगळ्यात वरचा आकडा!"

अक्काताई घोडीला पाणी पाजत होत्या. तिथं भरमूला या थांबण्याबद्दल विचारलं, तर म्हणाला, "प्रत्येक गावात करतोय की. देवाला वलांडून कसं जाऊ?"

 वीस वर्षांत मारुतीरावांनी वहीतला एकही आकडा खोडला नव्हता. भोवती सगळे गाडीवान जमलेले. मला वाटलं, हा माणूस आता काहीतरी सबब काढणार.

"आक्का, माझा आकडा चुकला," ते सगळ्यांदेखत मोठ्यानं म्हणाले. "रस्ता मोजला, गाडीवान मोजलाच न्हाय. मी रेषेवर बसून ऱ्हायलो." आणि वही काढून ब्याऐंशीवर काट मारली. त्या घटकेला मला हा माणूस फार आवडला.

"मग मी नमस्कार सोडू व्हय?" भरमू रडवेला झाला.

"सोडू नगंस. गाडी सुटायच्या आधी तिघांचा एकदम करून टाक," अक्काताई म्हणाल्या. रंभाच्या मानेला मिठी मारून त्या घळाघळा रडल्या. मग पदरानं डोळे पुसून त्यांनी गिऱ्हाइकाला फोन लावला.

"उद्या येऊ नगासा. घोडी द्यायची न्हाय."