गादीवाल्याची पाठ

आमच्या दुकानावरची पाटी माझ्या थोरल्या भावाने स्वतःच्या हाताने रंगवलेली आहे : 'पाठ दुखते? एकदा आमच्या गादीवर झोपून पाहा.' त्या पाटीखाली तो तीन वर्षं पाठ धरून वावरत होता, आणि ही गोष्ट फक्त मला ठाऊक होती. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो आमच्या दुकानात मावत नव्हता.

दादा गाद्या भरतो, मी मागे बसून मशीनवर खोळी शिवते. वडील गेल्यापासून हेच चाललंय. गिऱ्हाईक आलं की दादा त्याला गादीवर उताणं झोपवतो, शेजारी गुडघे टेकतो आणि त्याच्या कमरेखाली आपला तळहात सरकवतो. हात सहज आरपार गेला तर गादी कडक, अडकून बसला तर मऊ, आणि जरासा जोर लावून गेला की म्हणतो, "हीच तुमची." बाजारात त्याला 'हातवाले' म्हणतात. भल्याभल्यांनी त्या हातावर कंबर टेकली आहे.

दुखणं सुरू झालं तेव्हा तो कापड मापायच्या निमित्ताने टेबलावर पालथा पडून राहायचा. मला वाटायचं, किती मन लावून मापतोय! एकदा एकच खोळ त्याने पंधरा मिनिटं मापली, तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

बाजारातलं कुणी भेटू नये म्हणून भर दुपारी त्याला मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथल्या सर्जनबाई मोजकं बोलणाऱ्या. फोटो उजेडासमोर धरून म्हणाल्या, "मणक्यांमधली एक चकती झिजलीय. नस कुठे दबलेली नाही, पायांत ताकद चांगली आहे. तुमच्यापुढे दोन रस्ते आहेत. स्क्रू घालून मणके जोडायचे, नाहीतर खालच्या हॉलमध्ये रोज सकाळी व्यायाम, तीन महिने, एकही दिवस न चुकवता. काहींना ऑपरेशनच लागतं. पण तुमच्यासारख्यांना वर्ष-दोन वर्षांनी पाहिलं तर दोन्हींत फारसा फरक दिसत नाही, आणि ऑपरेशनमध्ये धोका जास्त. मी आधी हॉल म्हणेन."

"हॉलमध्ये कोण असतं?" दादाने विचारलं.

"वीसेक जण. सगळे याच भागातले."

"ऑपरेशन करा," दादा म्हणाला.

जिन्यात मी त्याला अडवलं. "डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

"हॉलला काचा आहेत. मी बघून आलोय," तो खालच्या आवाजात म्हणाला. "गादीवाला सतरंजीवर पडून पाय वर करतोय, हे बाजाराने बघितलं की संपलंच सगळं. ऑपरेशनचं कसं, महिना-दीड महिना कापूस बघायला गेलोय म्हणून सांगता येतं. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"आणि काही वेडंवाकडं झालं तर?"

तो कठडा धरून एकेक पायरी उतरत राहिला. मला त्याच्याशिवाय कुणी नाही, हे तेव्हाच सांगायला हवं होतं. त्याऐवजी मी घरी येऊन भांडी आपटली. पाटी आपली, अब्रू आपली, आणि कापून घेणार ती पाठही आपलीच! अशा माणसापुढे डोकं आपटून माझंच कपाळ फुटलं असतं.

सोमवार ठरला. मी रोज सकाळी उठून दिवस मोजत होते आणि दादा शेजाऱ्यापाजाऱ्यांना कापसाच्या गोष्टी सांगत होता. इतक्या रंगवून सांगायचा की समोरचा चपलांवाला त्याला म्हणाला, "आमच्याही उशीपुरता आणा."

शनिवारी वसतिगृहाच्या रेक्टरबाई आल्या. त्यांना चाळीस गाद्या हव्या होत्या. नमुन्याची गादी पसरली, बाई चष्मा काढून उताण्या झाल्या, दादाने गुडघे टेकले आणि हात सरकवला. मी मशीनवरून बघत होते. हात अर्ध्यावर गेला आणि थांबला. दादाचा चेहरा खडूसारखा पांढरा पडला.

"कशी आहे?" बाईंनी छताकडे बघत विचारलं.

दादाला हात काढता येईना, उठताही येईना. कपाळावरून घाम ओघळून गादीवर पडत होता. बाहेर चपलांवाला मान उंचावून बघायला लागला.

"अहो, काय झालं?"

"काही नाही... गुडघा जरा अवघडलाय," दादा दात आवळून म्हणाला. माझ्याकडे असं बघितलं, की तोंड उघडशील तर खबरदार!

मी तोंड उघडलं. "गुडघा नाही, पाठ आहे. तीन वर्षं दुखतेय. परवा ऑपरेशन आहे, आणि तेही तुम्हा लोकांना कळू नये म्हणून!"

बाई हळूच एका बाजूने सरकून उठल्या. आम्ही दोघींनी मिळून दादाला कुशीवर केलं. त्याच्याच गादीवर तो गुडघे पोटाशी घेऊन पडला. बाईंनी चष्मा चढवला, पाटी वाचली, दादाकडे बघितलं आणि "कळवते" म्हणून निघून गेल्या. चपलांवाल्याच्या तोंडात तीळ भिजत नाही. दिवेलागणीपर्यंत बाजारभर झालं.

रविवारी दादा माझ्याशी एक अक्षर बोलला नाही. जेवणाचं ताट पुढे केलं तर भिंतीकडे तोंड केलं. शेवटी मीच बोलले. "जे झाकायला कापून घेणार होतास, ते उघडं पडलंय. आता तरी पाठीपुरता विचार कर. मला भीती वाटते रे, दादा." त्याने ताट ओढून घेतलं.

सोमवारी सकाळी पिशवी घेऊन निघालो. दवाखान्याच्या आत शिरलं की डावीकडे लिफ्ट, वॉर्ड वरच्या मजल्यावर. उजवीकडे हॉल. सर्जनबाई लिफ्टपाशीच भेटल्या. हातात कागद होते.

"सही करण्याआधी पुन्हा विचारते. हेच हवंय ना?"

दादाने पेन घेतलं. कागदावर टेकवलं. तो तसाच उभा राहिला, इतका वेळ की लिफ्ट दोनदा येऊन गेली. मग त्याने पेन परत दिलं.

"तीन महिने करून बघतो," तो म्हणाला. "नाहीच जमलं तर येईन."

"या," बाई म्हणाल्या. त्यांनी कागद दुमडला.

हॉलच्या दारात मात्र त्याचे पाय अडले. आत सतरंज्यांवर माणसं पडलेली होती. पोस्टातले कारकून, बेकरीवाली काकू, निवृत्त मास्तर. तिघांनाही दादाने स्वतः हात घालून गादी विकली होती. तो गर्रकन वळला. मागे मी पिशवी घेऊन उभी होते, आणि दारातून मी हलले नाही.

व्यायाम शिकवणाऱ्या मुलीने त्याला मास्तरांशेजारची सतरंजी दाखवली. तो भिंत धरून हळूहळू खाली बसला, मग उताणा झाला. मुलीने शेजारी गुडघे टेकले आणि त्याच्या कमरेखाली आपला तळहात सरकवला.

"आता माझ्या हातावर कंबर दाबा. घाबरू नका, दुखलं तर सांगा."

दादा छताकडे बघत राहिला. शेजारी मास्तरांनी मान वळवली. "काय हो हातवाले? तुमचीसुद्धा?"

हॉलमधले सगळे ऐकत होते. काचेपलीकडे रस्त्यावरून लोक चालले होते. मला वाटलं, आता हा कापसाचं काहीतरी सांगणार.

"दुखते हो, मास्तर," दादा म्हणाला. "फार दुखते."

आणि त्याने त्या मुलीच्या हातावर कंबर टेकली.