न लागलेले दिवे

माझा भाऊ भंगारातून विद्यार्थी घडवतो, असं लोक कौतुकाने म्हणायचे. मी म्हणायची, तो घराचं भंगार करतो. दोन खोल्यांपैकी पुढची पूर्ण त्याच्या ताब्यात होती. खाटेखाली, टेबलावर, खिडकीच्या कट्ट्यावर बंद पडलेले रेडिओ, पोटं उघडलेले टीव्ही, कुणाकुणाच्या ऑफिसातले मेलेले प्रिंटर. दुरुस्तीचं दुकान बंद करावं लागलं तेव्हापासून दादा या कामाने झपाटला होता. सकाळी दाढी राहिली तरी चालेल, पण सोल्डरची इस्तरी, म्हणजे डाग द्यायची-सोडवायची त्याची ती विजेवरची काडी, आधी तापायला हवी.

यंत्रांच्या हिरव्या पाट्या तापवून तो एकेक सुटा भाग उपटायचा, त्याचे तारांचे पाय सरळ करायचा आणि औषधाच्या रिकाम्या बाटल्यांत भरायचा. त्यातून पाकिटं तयार व्हायची. एका पाकिटात छोटा दिवा, सेल, बटण, चार-दोन वायरी, एक-दोन रेझिस्टर आणि हाताने काढलेली आकृती. किंमत एका वहीइतकी. शाळेत असताना प्रयोगशाळेच्या दारातूनच त्याला हाकलत, ‘हात लावू नको, महाग आहे’ म्हणून. ते त्याच्या मनात इतकं खोल रुतलं होतं की त्याच्या प्रत्येक पाकिटात एक जास्तीचा रेझिस्टर असायचा. त्याच्या कागदी पुडीवर लिहिलेलं असे, ‘हा जाळायला.’

“पोरांनी बिनधास्त जाळलं पाहिजे,” तो म्हणायचा. “भीती गेली की अर्धं शिकून झालं.”

आता रेझिस्टर म्हणजे काय ते सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा. वीज एकदम दिव्याच्या अंगावर येऊ नये म्हणून वाटेत उभा राहतो. तो किती अडवतो हे आकड्यांत लिहायला जागा नसते, म्हणून त्यावर रंगाचे पट्टे असतात. तपकिरी, काळा, लाल असे पट्टे असले तर एक हजार. लालच्या जागी नारिंगी असला तर दहा हजार, आणि मग एवढासा दिवा लागत नाही.

बाकी सगळं दादा मीटरवर तपासायचा. रेझिस्टर मात्र कधीच नाही.

“तीस वर्षं पट्टे वाचतोय. वाचता येणारा माणूस अक्षरं मोजत बसतो का?”

नाकावर माशी बसू द्यायचा नाही. मोतीबिंदू वाढत होता हे मला दिसत होतं. खिडकीशी जाऊन एकेक दाणा नाकाला लावायचा, मान तिरकी करायचा. मी डॉक्टरांचं नाव काढलं की दिवसभर अबोला. म्हणून मीही मूग गिळून गप्प बसले. कटकट नको होती मला, दुसरं काही नाही.

त्या वर्षी जवळच्या शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंनी एका वर्गासाठी चाळीस पाकिटं मागितली. एवढी मागणी पहिलीच. एका जुन्या यंत्रातून एकसारखे शंभरेक रेझिस्टर निघाले आणि दादा खूश झाला. त्यातला एक चिमटीत धरून त्याने मला विचारलं, “हा लाल ना गं?”

मी शिंप्याच्या दुकानात काम करते. कापडाच्या रंगाला दोऱ्याचा रंग जुळवणं हे माझं पोट. त्या वेळी मी बटणं लावत होते, तोंडात सुई होती. मान वर न करता मी “हो रे बाबा” म्हटलं. त्याने सगळेच्या सगळे एक हजारच्या बाटलीत ओतले.

पाकिटं गेली. महिना झाला, दोन झाले, एकही तक्रार नाही. “बघितलंस?” तो म्हणायचा. “चाळीस पाकिटं, एक परत नाही!”

मग एका दुपारी त्या वर्गातली एक मुलगी आली. तेरा-चौदा वर्षांची असेल. पाकीट जसंच्या तसं घडी घालून आणलं होतं.

“काका, हे ज्याला येतं त्याला द्या. मला नाही जमत.”

“काय जमत नाही?”

“सात वेळा जोडलं. जाळायचा पण लावून बघितला. आकृतीच्या खाली लिहिलंय ना, दिवा लागला नाही तर चूक तुमच्या जोडणीत आहे. मला ती सापडतच नाही.”

ते वाक्य दादाने स्वतः लिहिलं होतं. अभिमानाने लिहिलं होतं, माझ्या पाकिटात खोट असणारच नाही म्हणून. मुलगी निघून गेल्यावर त्याने मीटर काढला. काटा बघितला, पुन्हा बघितला, मग तो दाणा माझ्यापुढे धरून म्हणाला, “तू बघ.” मी बघितलं. नारिंगी. कुणीही आंधळ्यानेसुद्धा ओळखावा इतका नारिंगी. त्या दिवशी मी न बघताच हो म्हटलं होतं, हे मी त्याला तेव्हाच सांगून टाकलं. तो रागावला असता तर बरं झालं असतं. “मोजायचं सोडून विचारणारा मी,” एवढंच म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मीटरवर मोजलेले रेझिस्टर घेऊन आम्ही शाळेत गेलो. बाईंनी वर्गात नेलं. दादा फळ्यासमोर उभा राहिला.

“पोरांनो, तुमचं काही चुकलं नव्हतं. मी चुकीचा भाग घातला होता. चाळीसच्या चाळीस पाकिटांत.”

मग मागून एक मुलगा अगदी समजूतदारपणे म्हणाला, “असू दे काका. आम्हाला नाहीच येत ते.”

बहुतेकांची पाकिटं हरवली होती. बाई हळूच म्हणाल्या की पुढच्या वर्षी यंत्रांचा विषय घ्यायला फक्त दोघं तयार आहेत, बाकीच्यांना तो अवघड वाटतो. दादाने कालच्या मुलीला पुढे बोलावलं, तिचंच पाकीट बाकावर मांडलं आणि नवा रेझिस्टर तिच्यापुढे धरला.

“तू जोड. लागतो बघ.”

तिने दोन्ही हात पाठीमागे घेतले. “तुम्हीच जोडा ना, काका. माझ्याकडून बिघडेल.”

त्याने खूप विनवलं. ती रडवेली झाली, तेव्हा बाई मध्ये पडल्या. शेवटी त्यानेच जोडला. दिवा लख्ख लागला.

“बघ, हा तुझा पण लागला असता.”

“तुम्ही जोडला म्हणून लागला,” ती म्हणाली, आणि साऱ्या वर्गाने त्याच्यासाठी टाळ्या वाजवल्या. पोरं मनापासून वाजवत होती. दादा हाताने नको नको करत राहिला, तशी ती आणखी जोरात वाजवू लागली.